वाटीभर हिरवी भाजी

गोजरबाईच्या हृदयात धातूची झडप बसवली, त्याला तीन वर्षं होत आली होती. ऑपरेशन चांगलं झालं होतं. आधी विहिरीवरून घरी येताना तिला वाटेत दोनदा बसावं लागायचं, ते थांबलं. चेहऱ्यावर रंग आला, झोप लागायला लागली. पण झडपेबरोबर एक गोळीही घरात आली, आणि त्या गोळीने संतरामच्या घराची रीतच बदलून टाकली.

गोळी रक्त पातळ ठेवायची होती. धातूवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रोज संध्याकाळी घ्यायची, जन्मभर. ती कमी पडली तर गाठीचं भय, जास्त झाली तर रक्त न थांबण्याचं भय. यातलं दुसरं संतरामने डोळ्यांनी पाहिलं होतं. पहिल्याच वर्षी, भादव्यात, गोजरबाईला ताप आला. तापावर कुठल्यातरी गोळ्या घेतल्या गेल्या आणि एका दुपारी तिच्या नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेचना. संतराम शेतातून पळत आला, डांबरी रस्त्यात आडवा उभा राहून त्याने जीप थांबवली आणि हिंगोलीपर्यंत तिच्या नाकाशी टॉवेल धरून बसला. गोजरबाई चार दिवसांनी हसत घरी आली. संतराम मात्र त्या जीपमधून अजून उतरलाच नाही, असं त्यांची सून मंजुषा म्हणायची.

घरातली विळी कपाटावर गेली. विळा पत्र्याच्या आढ्यात खोचला गेला. गोजरबाईने निंदणीला जायचं नाही, जीपमध्ये दाटीवाटीने बसायचं नाही, बाजारात तर जायचंच नाही. आणि हिरवी भाजी बंद. नांदेडला दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेल्या एका माणसाने सांगितलं होतं की या गोळीवर हिरवं चालत नाही. संतरामने तेवढंच घट्ट धरलं. मेथी, पालक, चाकवत, करडई, अंबाडी, काहीही त्याच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. सून माहेराहून शेपूची जुडी घेऊन आली तर ती त्याने परस्पर बैलांना टाकली.

ही गोजरबाई म्हणजे कोण, तर गावात हरभऱ्याची भाजी खुडायला जिचा हात धरणारं कुणी नव्हतं ती. आता ती ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायची. लोक आदराने बोलायचे, जपून चाला म्हणायचे. काचेच्या बरणीसारखं सगळ्यांनी तिला उचलून वर ठेवलं होतं.

रक्ताच्या तपासणीसाठी महिन्याला नांदेडला जावं लागे. कधी पेरणी, कधी सोयाबीनची काढणी, कधी गाडी नाही; दोन-दोन महिने तपासणी व्हायचीच नाही. आणि झाली की आकडा कधी फार खाली, कधी फार वर.

त्या वर्षी दिवाळीनंतर डॉक्टरांनीच सांगितलं की आता दर वेळी इथवर यायची गरज नाही. जवळा बाजार गावात संध्या नावाची फार्मासिस्ट आहे, तिचं मेडिकल आहे, बाजाराच्या दिवशी तिच्याकडे जा.

संध्या मूळची सेनगावकडची. औषधशास्त्राची पदवी घेऊन तिने याच डॉक्टरांच्या दवाखान्यात बरीच वर्षं काम केलं होतं, आणि तिथे तिचं काम हेच होतं: रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांचे आकडे बघायचे, गोळी कशी घ्यायची ते समजावून सांगायचं. लग्नानंतर जवळा बाजारला येऊन तिने दुकान टाकलं. काउंटरच्या मागे बुद्धाची एक छोटी पितळी मूर्ती, बाहेर फरशीच्या कट्ट्यावर दोन बाक. डॉक्टरांचे त्या भागातले पेशंट पुष्कळ, आणि त्यांच्या तपासण्या सारख्या चुकायच्या. तेव्हा दोघांनी ठरवलं की आकडा संध्याने बघायचा, फोनवर बोलायचं आणि गोळीचं मिळून ठरवायचं. साखर तपासतात तसलंच एक यंत्र होतं. बोटातून रक्ताचा एक थेंब, आणि रक्त गोठायला किती उशीर लागतो त्याचा आकडा मिनिटभरात समोर. गोजरबाईचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये असायला हवा होता.

पहिल्या खेपेला तो दोनच्याही खाली आला. पुढच्या खेपेला चारला टेकला. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा खाली. गोळी तीच होती.

संध्याने दोघांना आत बोलावून बसवलं.

"गोळी कोण देतं मावशींना?"

"मी देतो," संतराम म्हणाला. "सातच्या बातम्या लागल्या की माझ्या हातानं. तिनं पाणी पिलेलं बघतो अन् मंग उठतो."

"कधी राहून जाते?"

"न्हाई."

"दुसरं काही औषध? काढा, चूर्ण, अंगदुखीची गोळी?"

"काहीच न्हाई."

"जेवणात काय असतं?"

"वरण, भाकर, वांगं, बटाटा, बेसन. हिरवं बिलकूल न्हाई ताई. तीन साल झाले, घरात हिरवा देठ येऊ देला न्हाई मी." हे सांगताना तो जरा ताठ बसला.

गोजरबाई भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या जाहिरातीकडे एकटक बघत होती. संध्याने ते पाहिलं.

"काका, समोरच्या हॉटेलात तीन चहा सांगता का? तुम्ही सांगितलं की तो साखर बेताची टाकतो."

संतराम गेला. संध्या खुर्ची ओढून गोजरबाईच्या जवळ बसली.

"आता आपण दोघीच आहोत, मावशी."

गोजरबाईने पदर सारखा केला. "आमच्या शेजारी पंचफुला हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "तिच्याकडं भाजी निवडायला जाते मी."

"निवडायला?"

"निवडायला जाते अन् खाऊन येते."

एवढं तोंडातून गेल्यावर पुढचं आपोआप आलं. पंचफुला कशी परातभर भाजी शिजवते, लसणाची फोडणी बसली की तो वास भिंतीवरून इकडे कसा येतो, आणि संतराम माल घालायला मोंढ्यावर किंवा शेताला गेला की ती मागच्या दाराने कशी जाते. कधी आठ-दहा दिवस जमत नाही, कधी लागोपाठ दोन दिवस जमतं. जमलं की मग ती पुन्हा कधी मिळंल म्हणून पोट भरेस्तोवर खाते. आधी मेथी, मग करडई, आणि आता हरभऱ्याची.

संध्याने हसू दाबायचा प्रयत्न केला. तो जमला नाही. तिला हसताना बघून गोजरबाईलाही हसू फुटलं, आणि हसता हसताच तिने विचारलं, "मरन का मी, बाई?"

"नाही मावशी. भाजीनं कुणी मरत नाही. पण तुमचा आकडा काहून उड्या मारतो ते आज कळलं." संध्या समजावून सांगायला लागली. "हिरव्या पाल्यात एक जीवनसत्त्व असतं, ते रक्ताला गोठायला मदत करतं. गोळी त्याच्या उलट काम करते. तुम्ही एक दिवस परातभर खाता अन् मग दहा दिवस काहीच नाही. गोळी बिचारी तेवढीच. मग आकडा एकदा खाली, एकदा वर. भाजीचं काही वाकडं नाही, हे कमीजास्त होणं वाकडं आहे. तुम्ही रोज खा. पण रोज सारखी, वाटीभर. गोळीचं माप आपण त्या वाटीप्रमाणं बसवू."

"रोज?" गोजरबाईला खरं वाटेना.

"रोज. भाजी कोणतीबी असू द्या, वाटी तीच."

संतराम चहाचे ग्लास घेऊन आला. दोघींची तोंडं बघून तो दारातच थांबला. संध्या बोलणार तेवढ्यात गोजरबाईने तिला हाताने थांबवलं.

"मी भाजी खाते," ती नवऱ्याला म्हणाली. "पंचफुलाकडं. तुमाला चोरून."

"कवापासून?"

"ऑपरेशनच्या दुसऱ्या सालापासून."

संतरामने ग्लास काउंटरवर ठेवले आणि तो बाहेर कट्ट्यावर जाऊन बसला. गोजरबाईचा चेहरा उतरला. संध्या त्याच्या मागे गेली. तो रागावला असेल असं तिला वाटलं होतं. संतराम रुमालाने डोळे पुसत होता, आणि जवळ गेल्यावर कळलं की त्याला हसू आवरत नाही.

"ताई," तो म्हणाला, "माझा दीड एकर हरभरा हाय. मी तीन साल त्याच्या पाल्याला तोंड लावलं न्हाई. तिच्यासमोर कसं खावं म्हणून. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी भाजीवर हात आडवा धरला. अन् ही बाई भिंतीपलीकडं परात चाटून राहिली."

हसू ओसरलं. मग तो त्या दुपारचं, जीपचं, टॉवेलचं सांगायला लागला. संध्याने सगळं ऐकून घेतलं.

"तुमची भीती खरी आहे काका," ती म्हणाली. "ती बाळगाच. पण नेमकी कशाची ते ठरवून घेऊ." आणि तिने दोघांनाही बसवून सांगितलं: हिरडीतून किंवा नाकातून रक्त, अंगावर आपोआप निळे डाग, शौचाला काळी होणं, डोक्याला मार, किंवा एकाएकी तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं. यातलं काहीही दिसलं तर बाजाराच्या दिवसाची वाट बघायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा. अंगदुखीची, तापाची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. "माझ्या दुकानातूनसुद्धा नाही. अन् विळीनं भाजी चिरली तर काही होत नाही. बोट कापलंच तर दाबून धरायचं, जरा जास्त वेळ."

मग तिने डॉक्टरांना फोन लावला. भाजीची गोष्ट ऐकून पलीकडे तेही हसले. रोजची वाटी सुरू करा, आठ दिवसांनी आकडा बघू आणि गोळी त्याप्रमाणे, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संतराम बायकोला घेऊन शेतात गेला. हरभरा वीतभर वाढला होता, शेंड्यांवर दव होतं. गोजरबाई सरीत उतरली आणि शेंडे खुडायला लागली. तीन वर्षं रिकामी राहिलेली बोटं पहिली दोन-चार झाडं चाचपडली, मग त्यांना वाट सापडली. पाल्यावरची आंबट आंब बोटांना लागली तशी तिने बोट जिभेवर ठेवलं. संतराम बांधावरून बघत होता. ती ओटीत पाला टाकत पुढे गेली, वळली, परत आली. ओटी फुगली तरी ती थांबेना.

"वाटीभरच सांगितलंय ताईनं," तो म्हणाला.

"मला वाटीभर. बाकीची तुमाला."

मंजुषाने भाजी बारीक चिरून, लसूण-मिरची घालून, ज्वारीच्या पिठाचा हात लावून शिजवली. गोजरबाईच्या वाटीचं माप संतरामनेच काढलं. स्टीलची एक मध्यम वाटी त्याने शोधली, काठोकाठ भरली, वरून बोटाने सपाट केली आणि तिच्या ताटात ठेवली. मग तो आपल्या ताटावर बसला आणि कुणाशी बोललाच नाही. मंजुषा तव्यावरून भाकरी काढायची आणि ती त्याच्या ताटात जायची. शेवटी तिने पदराने घाम पुसून विचारलं, "मामा, थांबू का अजून थापू?" त्याने मान न उचलता एक बोट वर केलं.

आठ दिवसांनी आकडा खाली आला. रोज भाजी पोटात जाऊन राहिली, म्हणजे तसं होणारच होतं. संध्याने डॉक्टरांशी बोलून गोळी थोडी वाढवली. पुढच्या बाजाराला आकडा वर सरकला, त्याच्या पुढच्याला अडीच ओलांडून आत आला, आणि मग तिथेच राहिला. संध्याने यंत्र फिरवून गोजरबाईला दाखवलं. तिला आकडे वाचता येत होते. तिने ते दोनदा वाचले, मग बाहेर बसलेल्या पंचफुलाला आत बोलावून तिलाही दाखवले.

होय, आता ती पंचफुलाबरोबर येत होती. संतराम एक-दोन खेपांना मागोमाग आला, मग शेताची कामं निघाली तसा राहिला. दोघी ऑटोने यायच्या, बोट टोचून घ्यायच्या कामाला पाच मिनिटं लागायची आणि बाजार करायला अर्धा दिवस. गोजरबाईने बांगड्या भरल्या. केरसुणी घेतली. चिवड्याच्या गाड्यावर उभं राहून भाव केला, घेतलं काहीच नाही, आणि त्यातही तिला मजा वाटली.

अशाच एका बाजाराच्या दिवशी, कांद्याच्या ढिगाशेजारी तिला एक म्हातारा पोत्यावर बसलेला दिसला. डोक्याला लाल पागोटं, बाही वर सरकलेली, आणि कोपरापासून मनगटापर्यंत निळे-जांभळे डाग. तो बाजूला थुंकला तर थुंकी लाल. पान खाल्लेलं दिसत नव्हतं.

"भाऊ, हे काय लागलं हाताला?" गोजरबाईने विचारलं.

"लागलं कुठं? आपोआपच आलं," तो म्हणाला. त्याचं नाव भावसिंग. जवळच्या तांड्यावर राहायचा.

"गोळी कोणती खाता?"

"पायात रक्ताची गाठ झाली होती. तिची चालू हाय."

"दुसरी कोणती?"

भावसिंगने बंडीच्या खिशातून एक पाकीट काढलं. "गुडघ्याची तकलीफ लई हाय बाई. ही खाल्ली की चालता येतं."

गोजरबाईने पिशवी पंचफुलाच्या हातात दिली. "उठा."

"बाजार करून येतो मी."

"बाजार मागून. आदी माझ्यासंगं चला." आणि तिने सरळ त्याचं मनगट धरलं, डाग नव्हते तिथे, आणि गर्दीतून वाट काढत त्याला मेडिकलपर्यंत आणलं. म्हातारा मुकाट मागे आला. त्याला बहुधा कळलंच नव्हतं की नाही कसं म्हणायचं.

त्याचा आकडा सहाच्याही वर गेला होता. संध्याने ताबडतोब डॉक्टरांना फोन केला. गुडघ्याची गोळी बंद, रक्ताची गोळीही तूर्त घ्यायची नाही, आणि आत्ताच्या आत्ता हिंगोलीच्या दवाखान्यात. भावसिंगबरोबर कुणी नव्हतं. संतराम त्या दिवशी खत घ्यायला जवळा बाजारला आला होता. निरोप मिळाला तसा तो आला, सगळं ऐकलं, आणि खत दुकानातच ठेवून भावसिंगला घेऊन जीपमध्ये बसला. वाटेभर तो त्याला विचारत राहिला, गाई किती, पोरं काय करतात, हरभरा पेरला का.

दिवस मावळायच्या सुमाराला तो परत आला. गोजरबाई दारात उभी होती.

"आत कुठं रक्त गेलं न्हाई म्हणले," तो म्हणाला. "दोन दिवस ठेवून घेतलं. पोरगं आलं त्याचं." पाय धुता धुता तो थांबला. "डॉक्टर म्हणले, कोणी आणलं यांना? येळेवर आणलं. मी तुझं नाव सांगितलं."

 त्या संध्याकाळी सातच्या बातम्या लागायच्या आधी गोजरबाईने गोळ्यांचा डबा काढला, आपल्या हाताने गोळी घेतली, पाणी प्यायली आणि ग्लास नवऱ्याकडे फिरवून दाखवला. तेव्हापासून गोळी ती आपल्या हातानेच घ्यायला लागली.

भावसिंगचा आकडा ठिकाणावर आला. गुडघ्यासाठी संध्याने डॉक्टरांना विचारून चालण्यासारखी दुसरी गोळी दिली आणि शेकायला सांगितलं. तो आता दर बाजाराला कट्ट्यावर यायचा आणि बरोबर तांड्यावरच्या निर्मलाबाईला आणायचा. तिच्याही हृदयात तसलीच झडप होती आणि तीही एवढे दिवस हिरव्याला शिवत नव्हती. बाकावर नवीन कुणी बसलं की गोजरबाई त्याच्याकडे सरकायची. "भाजी खाता का? किती? रोज का कवाकवा?" संध्या आतून ऐकायची. एखादी गोष्ट चुकली तर बाहेर येऊन सांगायची. बहुतेक वेळा यावं लागायचं नाही.

पौषात हरभऱ्याला घाटे भरले. गोजरबाईने एका रविवारी सगळ्यांना शेतात जेवायला बोलावलं: संध्या आणि तिचा नवरा, पंचफुला, भावसिंग, निर्मलाबाई. संध्याने यंत्र आणलं होतं. बांधावर बसून तिने तिघांची बोटं टोचली. तिघेही आपापल्या मापात होते. तिने तिथूनच डॉक्टरांना कळवलं.

काडकचरा पेटवून त्यावर हरभऱ्याची हिरवी झाडं घाट्यांसकट भाजली. काळी पडलेली टरफलं चोळली की आतून गरम हिरवे दाणे निघायचे. हात काळे, तोंडं काळी. गोजरबाईने मूठभर दाणे संध्यापुढे धरले.

"हे हिरव्यात मोजायचं का?"

"मूठभरानं काही बिघडत नाही मावशी. खा."

"मूठ माझी का यांची?" तिने संतरामच्या रुंद पंजाकडे बोट दाखवलं, आणि सगळे हसले.

जेवणं झाल्यावर भावसिंगने गोरमाटीत, आपल्या बंजारा बोलीत, एक गाणं धरलं. शब्द कुणाला नीट कळले नाहीत, निर्मलाबाई मध्ये मध्ये सांगत होती. पंचफुलाने टाळ्यांचा ठेका धरला. दुसऱ्या गाण्याला गोजरबाई उठली, साडी खोचली आणि संध्यासमोर येऊन उभी राहिली.

"फुगडी चालंल का मला?"

संध्याने जमीन बघितली. मऊ काळी माती, ढेकूळ नाही, दगड नाही. तिने चपला काढल्या. "माझ्यासोबत खेळा. हळू फिरायचं."

"हळू कसली फुगडी?"

"हळूच. मी तुमचे हात सोडत नाही."

दोघींनी हात गुंफले. पहिले फेरे सावकाश झाले, मग गोजरबाईच्या पायांनी आपला वेग धरला आणि संध्याला तिला आवरता आवरता स्वतःलाच हसू यायला लागलं. पलीकडे संतराम अर्धा उठला होता. त्याने दोघींचे घट्ट धरलेले हात पाहिले, क्षणभर तसाच राहिला, मग खाली बसला आणि सुनेला म्हणाला, "मंजुषा, भाजी ऱ्हायली का गं थोडी?"